अंगणवाडीत पोरं पाण्यात खेळतात, मग शिकतात कधी?

पावसाळा लागला की अंगणवाडीच्या दारात दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पहिली, "पोरगं रोज कपडे ओले करून घरी येतं." दुसरी, "तिथं नुसती खिचडी अन् खेळ, शिकवत काहीच नाहीत." या दुसऱ्या तक्रारीपायी तीन वर्षांचं लेकरू पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या नर्सरीत जातं आणि संध्याकाळी वहीभर एबीसीडी गिरवून परत येतं. बापाला वाटतं, फी वसूल झाली.

पण सरकारचं धोरण आता नेमकं उलटं सांगतंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला. मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाआधीच होते, असं त्यात म्हटलं आहे. २०२३ मध्ये केंद्रानं 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम आणला. त्याचा अर्थ सरळ आहे. अंगणवाडीत आहाराबरोबर शिक्षणही झालं पाहिजे, आणि ते खेळातून झालं पाहिजे. पाणी, माती, वाळू यांचे खेळ त्यातच येतात.

टबभर पाण्यात काय शिकतात?

एक प्रयोग आज घरीच करून बघा. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या. चार-पाच वर्षांच्या मुलाला विचारा, सारखं आहे का? तो हो म्हणेल. आता त्याच्यासमोरच एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद बाटलीत ओता आणि परत विचारा, जास्त कुठं? बहुतेक मुलं बाटलीकडं बोट दाखवतात. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी हेच दाखवून दिलं होतं. भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं, ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास पक्की होते. ती सांगून येत नाही. स्वतः ओतून, सांडून, परत भरूनच येते. पुढं शाळेत लिटर आणि मिलिलिटर येतात, तेव्हा हाच अनुभव कामाला येतो.

दुसरा खेळ बुडतं की तरंगतं याचा. बादलीत बटाटा टाका, वांगं टाका. बटाटा लहान असून बुडतो, वांगं मोठं असून तरंगतं. स्टीलचा चमचा तळाला जातो, पण स्टीलची वाटी अलगद ठेवली तर होडीसारखी तरंगते. "असं का?" हा प्रश्न पोराच्या तोंडून आला की विज्ञान सुरू झालं. उत्तर लगेच देऊ नका. आधी त्यालाच अंदाज करू द्या.

तिसरा खेळ आपल्याला खेळच वाटत नाही. ओलं फडकं पिळणं, तांब्यानं पाणी ओतणं, एका वाटीतलं पाणी कापसानं टिपून दुसऱ्या वाटीत सोडणं. यातून बोटांना आणि मनगटाला ताकद येते. पेन्सिल धरायला हीच ताकद लागते. तीन वर्षांच्या हाताला ती आलेली नसताना वही भरून घेतली, तर अक्षर सुधारत नाही. पोरगं शाळेलाच कंटाळतं.

हे काही परदेशी फॅड नाही

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढं १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा या बायांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. महागडी साधनं परवडणारी नव्हती. बिया, पानं, शंख-शिंपले हीच साधनं झाली. 'अंगणवाडी' हा शब्द आपल्याच मातीतला आहे. देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७५ ला.

टँकरच्या गावात पाण्याचा खेळ?

इथं खरी अडचण आहे. ज्या गावात उन्हाळ्यात बाया टँकरमागं धावतात, तिथं "पोरांना पाण्यात खेळू द्या" म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. पण हिशोब करून बघा. वीस मुलांच्या खेळाला एक टब, म्हणजे आठ-दहा लिटर पाणी पुरतं. तेच पाणी नंतर झाडाला घालता येतं. जलजीवन मिशनमध्ये एका माणसाला दिवसाला ५५ लिटर धरलेत. त्यापुढं हे काहीच नाही. उलट मोजून वापरलेलं आणि झाडाला घातलेलं पाणी पोरांच्या लक्षात राहतं.

खरा प्रश्न नळाचा आहे. शाळा आणि अंगणवाड्यांना नळ देण्यासाठी २ ऑक्टोबर २०२० ला १०० दिवसांची मोहीम सुरू झाली होती. आपल्या अंगणवाडीला नळ आहे का? असेल तर त्याला पाणी येतं का? की सेविका आणि मदतनीस ताई अजून हंडाच वाहतात? ज्या ताईची अर्धी सकाळ पाणी भरण्यात जाते, तिच्याकडून खेळ-शिक्षणाची अपेक्षा कशी करायची?

शेततळ्याचा धोका विसरू नका

पाण्याची ओढ प्रत्येक मुलाला असते. ती अंगणवाडीत मोठ्यांच्या नजरेखाली भागली नाही, तर पोरं ती दुसरीकडं भागवतात. कागद टाकलेल्या शेततळ्याचा उतार निसरडा असतो. आत पडलेल्या मोठ्या माणसालाही वर येता येत नाही, तिथं लेकराचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यात साधारण पाव वाटा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. आईबाप कामात असताना लहान मुलांना देखरेखीखाली ठेवणं हा याच संघटनेनं सांगितलेला एक उपाय आहे. बांगलादेशात गावोगावच्या बालकेंद्रांनी तो करून दाखवला आहे. म्हणजे अंगणवाडी नीट चालणं हा शिक्षणाइतकाच जिवाचाही प्रश्न आहे.

म्हणून काही गोष्टी पक्क्या ठरवा. खेळताना एक मोठं माणूस जवळ हवंच, फोन बाजूला ठेवून. पाणी स्वच्छ आणि उथळ असावं. खेळ संपला की टब रिकामा करून पालथा घालावा. त्यात बुडण्याचाही धोका नको आणि डेंग्यूच्या डासालाही जागा नको. शेततळ्याला कुंपण घाला आणि आत टायर बांधलेला दोर सोडून ठेवा.

ग्रामसभेत विचारा

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. दोन टब, मग, नरसाळी, जुन्या बाटल्या, एक नळजोडणी, याला लाखो रुपये लागत नाहीत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारा: हा निधी किती होता, कशावर गेला, आणि अंगणवाडीच्या नळाला पाणी कधी येणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

आणि पोरगं ओलं होऊन घरी आलं तर रागवायच्या आधी विचारा, "आज काय बुडालं, काय तरंगलं?" ते सांगायला लागलं, की अंगणवाडीत शिकवतात का, हे तुमचं तुम्हालाच कळेल.