चीज टोस्ट आणि निवृत्त कर्नल

लखनौ छावणीत राहून मी संध्याकाळी घरी चीज टोस्ट करतो, हे कळल्यावर एका मित्राने फोनवरच हात जोडले. "अरे, चौकात टुंडे कबाबी आहे, युनेस्कोने २०२५ साली शहराला पाककलेसाठी मान दिला, आणि तू पावावर चीज टाकून खातोस?"

होय, खातो. आणि गणवेशातल्या प्रत्येक पुरुषाला ते करता आलंच पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

खडकवासल्याला तीन वर्षांत आम्हाला पोहायला, घोड्यावर बसायला, नकाशा वाचायला शिकवलं. काटा-चमचा कसा धरायचा हेही शिकवलं. दोन हजारांहून जास्त कॅडेट एका वेळी जेवायचे आणि ताट समोर यायचं. पुढे मेस आली, मग सहायक, मग बायको. चाळिशी उलटेपर्यंत गॅसशी संबंध फक्त चहापुरता. याला आपण रुबाब समजतो. मला ही अपंगता वाटते.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त कर्नल आहेत. पत्नी गेल्याला वर्ष झालं. परवा रात्री त्यांच्याकडे गेलो. फ्रीजमध्ये अंडी, पाव, चीज, लोणी सगळं होतं. साहेब चहात बिस्किटं बुडवून खात होते. "एकट्यासाठी काय मागवायचं?" म्हणाले. ज्या माणसाने हिमरेषेवर अख्खी कंपनी सांभाळली, तो भरलेल्या फ्रीजसमोर उपाशी होता.

त्यांच्याच तव्यावर करून दाखवलं. पावाची एक बाजू लोण्यावर खरपूस भाजायची आणि ती वर करायची. तिच्यावर किसलेलं चीज, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, मिरपूड. आच मंद, वर झाकण, तीन मिनिटं. पाव नसेल तर सकाळची पोळी घ्या, आत चीज पसरून दुमडा आणि दोन्ही बाजूंनी शेका. पनीर वापरू नका, ते वितळत नाही. उधमपूरकडे पोस्टिंग झालेल्यांना कलाडी आठवत असेल. ती तव्यावर स्वतःच्याच तुपात भाजली जाते. तिथल्या लोकांना चीज शिकवायला साहेब यावा लागला नव्हता, त्यामुळे "हे परदेशी खाणं" हा आक्षेप मला सांगू नका.

"मग पिठलं का नाही?" जरूर करा. पण सोबतची भाकरी पहिल्या दिवशी जमत नाही, टोस्ट जमतो. नवशिक्याला पहिल्याच दिवशी फत्ते मिळाली, तर तो दुसऱ्या दिवशी तव्याकडे येतो.

मिठाचा आक्षेप मात्र खरा आहे. चीजमध्ये मीठ भरपूर असतं. रक्तदाब असेल तर आठवड्यातून एखाद्या वेळीच खा आणि वरून मीठ घालू नका. पाकिटावरची बारीक अक्षरंही वाचा. वनस्पती तेलाचा गोळा चीजच्या शेजारीच ठेवलेला असतो.

सहायक करून देईल, हे उत्तर तर अजिबात नको. तो सैनिक आहे, आणि निवृत्तीच्या दिवशी तो आपल्याबरोबर येत नाही.

काल कर्नलसाहेबांचा फोन आला. पहिला टोस्ट जळाला, दुसरा जमला. आवाज असा होता, जणू चौकी परत घेतली. माजी सैनिकांनो, आज रात्री तवा तुम्ही ठेवा. घरची माणसं हसतील. हसू द्या.