इन्सुलिन म्हणजे शेवट? एका गैरसमजाचा इतिहास

#थ्रेड

१ ऑगस्ट १९२०. मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले. शेवटचे निमित्त तापाचे होते, पण मधुमेह कित्येक वर्षांपासून त्यांच्या मागे लागलेला होता. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले, तेव्हाही तो सोबत होताच. ‘गीतारहस्य’ ज्या तुरुंगात लिहिले गेले, तेथे या रोगावर पथ्यापलीकडे खात्रीचा उपाय नव्हता. खरे तर तेव्हा तो जगात कुठेच नव्हता. निदान व्हायचे ते लघवीतील साखरेवरून.

त्यानंतर जेमतेम दीड वर्षाने, ११ जानेवारी १९२२ रोजी, टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मरणासन्न मुलाला स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यात आला. तो पुरेसा शुद्ध नव्हता आणि प्रयोग फसला. कोलिप यांनी अर्क शुद्ध केला, २३ तारखेला पुन्हा टोचला आणि साखर उतरली. पुढे या शोधाचे पेटंट संशोधकांनी विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले.

माझ्या मते आपला गैरसमज याच उज्ज्वल कथेतून जन्मला. इन्सुलिन प्रथम दिसले ते मृत्यूच्या दारातील मुलाला परत आणताना. त्यामुळे ‘सुई लागली, म्हणजे आता संपले’ ही समजूत घट्ट बसली. पण त्या मुलाचा आजार आज आपण ज्याला टाइप १ म्हणतो तो, आणि आपल्या घराघरांतला बहुतेक मधुमेह टाइप २. हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये हा भेद दाखवला. १९६० च्या सुमारास यॅलो आणि बर्सन यांनी रक्तातील इन्सुलिन प्रत्यक्ष मोजले, तेव्हा कळले की प्रौढ रुग्णांच्या शरीरात ते असते. फक्त शरीर त्याला दाद देत नाही.

आता चिरनेर. माझे आजोळ. २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह, अक्कादेवीची टेकडी, नाग्या महादू कातकरी आणि इतर हुतात्मे यांविषयी इथे पूर्वी लिहिले आहे. आजोबा दरवर्षी हुतात्म्यांच्या अभिवादनाला पायी जात. भातशेतीत राबलेला, काटक देह. पायाला दोन वर्षे मुंग्या येत होत्या, पण साखर तपासा म्हटले की ते हसत. हा शेठ लोकांचा, सुटलेल्या पोटांचा आजार, असे त्यांचे ठाम मत. कुणी एकाने कडू चूर्ण दिले, तेही वर्षभर घेतले. शेवटी अंगठ्याची जखम चिघळली, तेव्हा निदान झाले.

या ठाम मताला उत्तर पुण्यातच तयार झाले होते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळे वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी अधिक. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे छायाचित्रच छापले. दोघांचा बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! चरकसंहितेतही प्रमेहाचे स्थूल आणि कृश असे दोन रुग्ण सांगितले आहेत. (म्हणून ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ असे कृपया कुणी लिहू नये. कृश दिसणे आणि आत चरबी असणे या निराळ्या गोष्टी आहेत.)

तेव्हा निदान आरशात होत नाही. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक. आणि लक्षणे नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री. सिकलसेल असेल तर एचबीए१सी फसवू शकते, हे आदिवासी वाड्यांवर शिबिरे भरवणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

औषधांत बहुधा पहिले असते मेटफॉर्मिन. १९५७ मध्ये फ्रान्सच्या झाँ स्टर्न यांनी ते मधुमेहासाठी पुढे आणले. यकृतातून रक्तात येणारी साखर ते कमी करते. पण ब्रिटनच्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात असे आढळले, की निदान होते तेव्हाच स्वादुपिंडातील पेशींची सुमारे निम्मी क्षमता गेलेली असते, आणि ती पुढेही घटत राहते. म्हणून काही वर्षांनी अनेकांना इन्सुलिन लागते. यात रुग्णाचा गुन्हा कोणता? ‘पथ्य पाळले नाही तर सुई लावीन’ अशी धमकी देणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग आहे तो यासाठीच. औषधाला शिक्षेचे रूप दिल्यावर माणूस ते टाळणारच.

आजोबांनी आठ महिने टाळले. अंगठा गेला, पाय वाचला. आता रात्री दहा युनिट ते स्वतःच्या हाताने घेतात. न उघडलेली पेने फ्रिजच्या दारात, आजीच्या लोणच्याच्या बरणीशेजारी असतात. यंदाच्या २५ सप्टेंबरला ते रिक्षाने जाणार आहेत. खिशात खडीसाखर ठेवायची आठवण मी करायची, असे ठरले आहे.