नवलाच्या गोष्टी आणि खरा मेंदू

मुलांसाठी लिहिलेल्या शरीरविषयक पुस्तकांत नवलाच्या गोष्टींची रांगच लागलेली असते. मनुष्य आपल्या मेंदूचा केवळ दहावा हिस्सा वापरतो, हे त्यांतील सर्वांत लोकप्रिय वाक्य. आणि ते साफ खोटे आहे. मेंदूच्या लहानशा भागाचा रक्तपुरवठा तुटला तरी मनुष्याची वाचा किंवा हातापायांतील शक्ती जाऊ शकते. नऊ हिस्से निरुद्योगी पडून असते, तर असे क्वचितच घडले असते. नवल सांगावे, पण ते कसे कळले हेही त्याबरोबर सांगावे, असे आमचे मत आहे.

बंगळूर येथे ह्याची उत्तम सोय आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या ‘निम्हान्स’ ह्या राष्ट्रीय संस्थेत मेंदूंची पेढी असून तिच्या संग्रहालयात हातमोजे घालून खरा मानवी मेंदू हाती घेता येतो. मुले भितील, ही पालकांची शंका आम्हांस पटत नाही. मुले बहुधा प्रश्नच विचारतात. हा इतका घट्ट कसा? तर फॉर्मॅलिनमुळे, जिवंतपणी तो लोण्यासारखा मऊ असतो. (हेल्मेटविषयीच्या दहा व्याख्यानांपेक्षा हे एक वाक्य अधिक काम करील.) हा कोणाचा? येथे शिक्षकाने उत्तर टाळू नये. अपघातात दगावलेल्या अनेकांच्या आप्तांनी शोकाच्या घटकेस संमती दिली, म्हणून ही पेढी उभी आहे.

प्रौढाचा मेंदू सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम भरतो, म्हणजे शरीराच्या वजनाचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. तथापि विश्रांतीच्या काळी शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा पाचवा हिस्सा तो एकटाच घेतो. पाच वर्षांच्या आसपासच्या मुलात तर हा वाटा निम्म्याहूनही अधिक असतो! वाढत्या मुलास पोटभर अन्न का हवे, हे ह्यावरून ध्यानी यावे.

राहिला पेशींच्या संख्येचा प्रश्न. एकेक पेशी मोजणे कोणास शक्य आहे? ब्राझीलमधील संशोधकांनी मेंदूच्या ऊतींचे एकजीव द्रावण केले, त्याच्या थेंबांतील पेशीकेंद्रके मोजली आणि त्यावरून एकूण हिशेब मांडला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या हिशेबानुसार चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी भरल्या. तोवर पुस्तके बिनदिक्कत दहा हजार कोटी सांगत. कित्येक शाळांच्या कपाटांत ती पुस्तके अद्याप आहेत.