लहान संघांचे देणे

बँकेची नोकरी म्हटली की बदली आलीच. अशाच एका बदलीमुळे माझे काही वर्षे कोलकात्यात वास्तव्य झाले. त्या नगरीने मला पुष्कळ दिले. परंतु मुंबईस परतल्यावर मन वारंवार ओढ घेते ते आर्यन क्लब नावाच्या, महाराष्ट्रात फारशा कोणास ठाऊक नसलेल्या फुटबॉल संघाकडे.

कोलकात्यात नवख्या माणसास ‘मोहन बागान की ईस्ट बंगाल?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. आमच्या शाखेतील एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सारे ‘दादा’ म्हणत असू, या प्रश्नाला ‘आर्यन’ असे तिसरेच उत्तर देत. दुसऱ्या व चौथ्या शनिवारच्या सुटीत त्यांनी मला मैदानाची वाट दाखविली. तेथील विस्तीर्ण हिरवळ लष्कराच्या अखत्यारीत असल्याने क्लबांची कार्यालयेही ‘तंबू’ म्हणूनच ओळखली जातात. ईस्ट बंगाल आणि आर्यन हे एकाच मैदानाचे वाटेकरी. ईस्ट बंगालच्या सामन्याला पाय ठेवण्यास जागा मिळत नाही. आर्यनच्या सामन्याला प्रेक्षक मोजता येतात. श्रावणसरींत भिजत, मातीच्या भांड्यातील चहा घेत आम्ही अनेक पराभव पाहिले. दादा निकालाविषयी क्वचितच बोलत. नव्या मुलाचा डावा पाय कसा चालतो, यावर मात्र परतीच्या ट्रामपर्यंत चर्चा चाले.

या निष्ठेमागे इतिहास आहे. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबात उमेशचंद्र उर्फ दुखीराम मजुमदार यांनी खेळाडू घडविण्याची परंपरा रुजविली. १९४० मध्ये आर्यनने मानाची आयएफए शील्ड जिंकली. १९५४ मध्ये प्रदीपकुमार बॅनर्जी हा कोवळा तरुण या संघाकडून खेळला व पुढील वर्षी ईस्टर्न रेल्वेत गेला. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तीन बड्या संघांपैकी एकाकडूनही ‘पीके’ कधी खेळले नाहीत. तरीही १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचे नेतृत्व केले आणि १९६२ मध्ये जाकार्ता येथील आशियाई सुवर्णपदक विजेत्या संघात ते चमकले. १९५८ मध्ये त्यांच्या ईस्टर्न रेल्वेने कोलकाता लीग जिंकली. त्यानंतर बड्या त्रयीबाहेरच्या संघास, पियरलेसला, हे विजेतेपद मिळण्यास २०१९ साल उजाडावे लागले. मध्ये तब्बल ६१ वर्षे गेली!

मग उरलेल्या संघांनी या ६१ वर्षांत काय केले? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास नावलौकिकाचा नियम ठाऊक असतो: स्वतः कमावलेला नावलौकिक ताळेबंदात येत नाही, तो विकत घेतला तरच त्याची नोंद होते. लहान क्लबांचे नेमके असेच आहे. खेळाडू त्यांच्याकडे घडतो, आणि त्याची किंमत दिसते ती बडा संघ त्याला नेतो तेव्हा. मोहन बागान व ईस्ट बंगाल २०२० मध्ये आणि मोहमेडन २०२४ मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये दाखल झाले. प्रकाशझोत तिकडे वळणे स्वाभाविकच. तथापि १८९८ पासून चालत आलेल्या जुन्या लीगचा आधार त्यामुळे क्षीण होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

यात आपल्यासारख्या संस्थांचाही संबंध येतो. ईस्टर्न रेल्वेने पीकेंना केवळ गणवेश दिला नाही, नोकरीही दिली. दुखापत झाली तरी घरची चूल पेटती राहील, हा विश्वास त्या नोकरीत होता. रेल्वे, गिरण्या, बँका यांच्या संघांनी अशा कित्येक घरांना आधार दिला. पुढे हिशेब बदलले. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या पंजाबच्या जेसीटी मिल्सचा संघ २०११ मध्ये बंद झाला. आपल्या मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये तेच विजेतेपद मिळविले. काही वर्षांतच तो संघही इतिहासजमा झाला. खर्चाच्या बाजूस रक्कम दिसते. त्या रकमेतून उभी राहिलेली माणसे कोणत्या सदरात दाखवावयाची?

संस्थेने भावनेच्या भरात तोटा सोसावा, असे माझे म्हणणे नाही. परंतु क्रीडा कोट्यातील भरती ही दयाबुद्धीने दिलेली सवलत नसून दीर्घ मुदतीची गुंतवणूक आहे, एवढे तरी आपण मानावे. आणि ग्राहक-वाचकांनाही एक विनंती. दूरचित्रवाणीवर परदेशी संघांचे सामने आवर्जून पाहा. त्यात गैर काहीच नाही. मात्र आपल्या गावात, आपल्या उपनगरात एखादा संघ चिखलात खेळत असेल, तर महिन्यातून एकदा त्याच्या मैदानाच्या कडेला उभे राहा. बँक जशी लहान ठेवीदारांच्या नियमित बचतीवर तग धरते, तसा लहान संघ या मोजक्या माणसांच्या नियमित उपस्थितीवर जगतो. तेथे उद्याचा पीके असेलच, याची हमी कोणी देणार नाही. पण तो आलाच, तर त्याला पाहणारे कोणीतरी तेथे असावयास हवे.