हप्ता न्यायला दारात, मग पैसे द्यायला का नाही?

दर मंगळवारी सकाळी आठला आमच्या वस्तीत मायक्रोफायनान्सचे सर मोटारसायकलवर येतात. समाजमंदिरात आम्ही दहा-बाराजणी सतरंजीवर बसतो. एकीचा हप्ता कमी पडला तर बाकीच्यांनी भरायचा, तोवर कुणी उठायचं नाही. पाऊस असो, मयत असो, सरांची वारी चुकत नाही.

आता याच वस्तीत पैसे येतात कसे, ते पाहा. शेजारच्या वहिनींचा मुलगा पुण्यात बांधकामावर आहे. तो आईच्या खात्यात दोन हजार टाकतो. मेसेज जातो नवऱ्याच्या मोबाईलवर, म्हणजे दारूचा हिशोब आधीच झालेला. वहिनींनी मजुरी बुडवून एसटीनं तालुक्याला जायचं, नाहीतर बाजारगावच्या केंद्रात अंगठा लावायचा. खुरपून खुरपून रेषा झिजल्या, यंत्र अंगठा ओळखत नाही. चौथ्यांदा ओळखलंच, तर केंद्रवाला हजारामागे वीस रुपये कापतो. वास्तविक त्याला कमिशन बँक देते. गिऱ्हाइकाकडून परस्पर काही घ्यायचा त्याला अधिकार नाही. पण पावतीच नाही, भांडायचं कशाच्या जोरावर?

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांच्याकडे माणूस आहे, गाडी आहे, प्रत्येकीचं घर पाठ आहे, त्यांनी हे पैसे दारात आणून द्यावेत. रिझर्व्ह बँकेनं २०१४ सालीच ठेवी न घेणाऱ्या बिगर-बँक वित्तीय कंपन्यांना बँकेचे प्रतिनिधी व्हायची मुभा दिली आहे. आणि दारात बँक नेता येते, हे म्हसवडच्या माणदेशी बँकेनं दाखवलंच की! बायका निरक्षर म्हणून तिला आधी परवाना नाकारला होता. १९९७ मध्ये तो मिळवलाच.

काही मैत्रिणी म्हणतात, मांजराच्या हाती दुधाचं भांडं देतेस? भीती खोटी नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पैसे आले, तेव्हा काही बँकांनी ते थकलेल्या कर्जात वळते केले. ओरड झाली तेव्हा सरकारनं बँकांना बजावलं. म्हणून अटी आपण घालायच्या. वसुलीचा दिवस वेगळा, पैसे देण्याचा वेगळा, माणूसही वेगळा. रक्कम पुरती बाईच्या हातात, मराठी पावतीसह. खातं तिच्या एकटीचं, मोबाईल नंबरही तिचा. आलेल्या पैशातून हप्ता कापला तर गटानं कर्जच नाकारायचं. सगळ्यांनी मिळून, एकटीनं नव्हे.

मागच्या मंगळवारी मी सरांसमोर विषय काढला. ते हसून म्हणाले, "ताई, त्यात कंपनीला काय सुटणार?"

मी माझं कर्जाचं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. त्यावर छापलंय, व्याज वर्षाला २४ टक्के. सरांनी कार्ड उलटं केलं आणि पुढचं नाव पुकारलं.