बुटाचा रंग, रक्ताचा रंग

बूट एका दिवसात जुना होत नाही. आधी चवड्याच्या घडीवरचा रंग उडतो, मग टाचेची कडा पांढुरकी पडते आणि सोल व शिलाई शाबूत असतानाच तो ‘गेला’ असे घरात जाहीर होते. शिरूर आणि दौंड तालुक्यांत ही वेळ जरा लवकर येते. मुरमाची धूळ, उसाच्या वाहनांनी उखडलेले रस्ते, पावसाळ्यातला चिखल आणि त्यामागून येणारे कडक ऊन यांत चामडे लवकर उतरते. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, रेल्वेचे जंक्शन आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. कामावर रोज बूट घालावाच लागतो आणि तो नीटनेटका दिसावाही लागतो, अशी माणसे इथे पुष्कळ. नवा जोड घेण्याऐवजी रंगाची बाटली आणून घरीच बूट काळा करण्याचा मार्ग त्यांना जवळचा वाटला तर नवल नाही.

हा मार्ग चुकीचा नाही. चांगल्या चामड्याचा बूट दोन-तीनदा रंगवून, टाचा बदलून वर्षानुवर्षे वापरता येतो. त्यात पैसे वाचतात आणि कचराही कमी होतो. चूक होते ती घाईत. रात्री रंग लावायचा आणि सकाळी ओलसर बुटात पाय घालून परेडला, पाळीला किंवा लग्नाला निघायचे, ही सवय धोक्याची आहे. बाटलीत काय आहे हे ठाऊक नसेल, तर धोका आणखी वाढतो.

वैद्यकशास्त्राला हा धोका शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. १९०० साली फ्रान्समध्ये लांदूझी आणि ब्रुआर्देल या डॉक्टरांनी मुलांमधील विषबाधेची नोंद केली. मुलांचे पिवळे बूट काळ्या रंगाने रंगवले होते आणि त्या रंगात अॅनिलीन होते. १९२५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात म्यूलबर्गर यांनी ‘बुटाच्या रंगाची विषबाधा’ याच विषयावर लेख लिहिला. अशा रुग्णांची कहाणी बहुधा एकाच वळणाने जाते. नुकताच रंगवलेला बूट घातला जातो. काही तासांत ओठ आणि नखे निळी पडतात, डोके दुखते, गरगरते, दम लागतो. पाहणाऱ्याला वाटते, हृदयाचे काहीतरी बिघडले.

बिघाड असतो रक्तात. रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोह असते आणि ते एका विशिष्ट रासायनिक अवस्थेत असेल तरच प्राणवायू वाहून नेते. अॅनिलीन किंवा नायट्रोबेन्झीन शरीरात गेले, की त्यांच्यापासून तयार होणारे पदार्थ या लोहाचे ऑक्सिडीकरण करतात. असे हिमोग्लोबिन म्हणजे मेथेमोग्लोबिन. ते प्राणवायू धरू शकत नाही आणि उरलेल्या चांगल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायू सहजी सोडू देत नाही. निरोगी माणसात मेथेमोग्लोबिनचे प्रमाण साधारण १ टक्क्याच्या आसपास असते. ते १०-१५ टक्क्यांच्या पुढे गेले की त्वचा निळसर दिसू लागते. २० टक्क्यांच्या पुढे डोकेदुखी आणि धाप. ५० टक्क्यांच्या पुढे झटके, बेशुद्धी. आणि ७० टक्क्यांच्या घरात जीव वाचणे कठीण.

हे विष तोंडावाटेच जाते असे नाही. अॅनिलीन आणि नायट्रोबेन्झीन दोन्ही धड त्वचेतून शोषली जातात आणि श्वासावाटेही आत जातात. बंद बुटात पाय तापतो, घाम येतो, मोजा ओला होतो. अशा त्वचेतून शोषण वाढते. एप्रिल-मे महिन्यांत भीमेच्या आणि घोडनदीच्या काठी पारा चाळिशीला टेकतो. त्या दिवसांत ओल्या रंगाचा बूट आठ-दहा तास पायात ठेवणे म्हणजे औषधाचा लेप बांधून फिरण्यासारखेच; फक्त इथे औषधाच्या जागी विष असू शकते. तान्ह्या बाळांत मेथेमोग्लोबिन पूर्ववत करणारे विकर मोठ्यांच्या मानाने कमी असते, म्हणून त्यांना धोका अधिक. रंगवलेले बूट पाळण्याजवळ वाळत ठेवू नयेत, ते यासाठी.

‘अॅनिलीन’ हे नाव थेट आपल्या ‘नीळ’पासून आले आहे. संस्कृतातील ‘नील’ अरबीतून युरोपात ‘अनिल’ होऊन पोहोचला. १८२६ साली नीळ तापवून काढलेल्या द्रवातून हा पदार्थ प्रथम हाती लागला आणि पुढे त्याला हे नाव मिळाले. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या तरुणाने क्विनीन बनवण्याच्या खटपटीत जांभळा कृत्रिम रंग शोधला, आणि अॅनिलीनपासून रंग तयार करण्याचा मोठा उद्योग उभा राहिला. आज चामड्याच्या व्यापारात ‘अॅनिलीन डाय’ हा शब्द चामड्यात मुरणाऱ्या पारदर्शक रंगासाठी वापरतात. बाटलीवर तो शब्द दिसला म्हणजे आत मोकळे अॅनिलीन असतेच, असे नाही. नामांकित उत्पादकांचे रंग आता बहुधा अल्कोहोलमध्ये किंवा पाण्यात विरघळवलेले असतात. प्रश्न आहे तो मोठ्या डब्यातून ओतून, लेबल नसलेल्या बाटलीत सुटा विकल्या जाणाऱ्या रंगाचा आणि तो पातळ करण्यासाठी वापरलेल्या ‘थिनर’चा.

एक गोष्ट घरोघरच्या उपयोगाची आहे. करोनाच्या काळात अनेकांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेतला. मेथेमोग्लोबिन वाढले की हे यंत्र फसते. विषबाधा वाढत गेली तरी त्यावरचा आकडा ८५ च्या आसपास अडकून राहतो आणि प्राणवायू लावूनही फारसा हलत नाही. रक्त काढले तर ते चॉकलेटी दिसते आणि हवेत ठेवूनही लाल होत नाही. यावर मिथिलीन ब्लू हा उतारा आहे. वजनाच्या दर किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम या प्रमाणात तो शिरेतून सावकाश देतात. निळ्या पडलेल्या माणसाला निळेच औषध बरे करते. मात्र जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना ते घातक ठरू शकते, म्हणून हा निर्णय डॉक्टरांचाच. घरच्यांचे काम वेगळे आहे. बूट-मोजे ताबडतोब काढावेत, पाय साबणाने भरपूर पाण्यात धुवावेत, १०८ वर फोन करावा आणि डॉक्टरांना ‘काल बूट रंगवले होते’ हे सांगावे. ते एक वाक्य निदानाचे कित्येक तास वाचवते. रंगाची बाटलीही सोबत न्यावी. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक डॉक्टरांना आणि नागरिकांनाही खुला आहे.

जिवावर बेतणारी विषबाधा विरळा. त्वचेचा त्रास मात्र नेहमीचा. बुटांचे बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. त्यातील काही क्रोमियमचे षट्‌संयुजी रूप झाले तर त्याची अॅलर्जी येते. युरोपीय संघाने मे २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवली आहे. रंग, गोंद आणि रबरातील रसायनेही अॅलर्जी आणतात. पायाला खाज सुटली की आपल्याकडे ‘चिखल्या’ किंवा ‘नायटा’ म्हणून दुकानातून मलम आणले जाते. बुरशी बहुधा बोटांच्या बेचक्यांत असते. बुटाची अॅलर्जी बहुधा पावलाच्या वरच्या बाजूला, दोन्ही पायांवर सारखी दिसते आणि बेचके सोडून देते. स्टेरॉइड मिसळलेले मलम दोन्हींत दोन दिवस बरे वाटवते आणि बुरशी असेल तर ती पसरवते.

घरी बूट रंगवायचाच असेल तर आधी तो चामड्याचा आहे का, हे पाहावे. बुटाच्या आडबाजूला पाण्याचा थेंब ठेवावा. थेंब मुरला आणि जागा गडद झाली तर रंग मुरेल. थेंब तसाच राहिला तर वर मेणाचा किंवा प्लास्टिकचा थर आहे, नाहीतर तो बूटच रेक्झिनचा आहे. रेक्झिनवर हा रंग धरत नाही. चार दिवसांत मोज्याला आणि पँटच्या घोळाला लागतो. शाळेचे बरेचसे काळे बूट याच जातीचे असतात. त्यांच्यावर बाटली रिती करण्यात अर्थ नाही.

चामडे असेल तर धूळ झाडून, ओल्या फडक्याने पुसून बूट पूर्ण वाळू द्यावा. जुने पॉलिश काढण्यासाठी स्पिरिट वापरले तर ते ओट्यावर नव्हे, अंगणात किंवा गच्चीत. गॅस, निरांजन, उदबत्ती, विडी यांच्यापासून लांब, कारण त्याची वाफ पेट घेते. हातमोजे घालावेत. सुती फडक्याने रंगाचा पातळ हात द्यावा, तो वाळला की दुसरा. रंग फिक्याकडून गडदाकडेच जातो. काळ्याचा तपकिरी होत नाही. आतल्या अस्तराला आणि तळव्याला रंग लावू नये. त्यानंतर बूट किमान दोन दिवस मोकळ्या हवेत, सावलीत ठेवावा. पांढरे फडके घासून त्याला रंग लागेनासा झाला आणि नाकाला वास येईनासा झाला, की मग पॉलिश आणि मग पाय. कडू बदामासारखा वास येणारा रंग वापरूच नये. तो वास नायट्रोबेन्झीनचा असू शकतो.

घरच्या माणसाला हे वर्षातून एकदा करायचे आहे. चर्मकाराला ते रोज करावे लागते. हिरडा-बाभळीच्या सालीने कमावलेल्या चामड्यावर हिराकसाचे पाणी फिरवले की ते काळे पडते. त्या रसायनात वाफेचे विष नव्हते. आज त्याच हातांत रंग, थिनर आणि रबरी गोंद आहे. तुर्कस्तानात डॉ. मुझफ्फर अक्सोय यांनी १९७४ मध्ये इस्तंबूलच्या चर्मकारांचा अभ्यास मांडला. बेन्झीन असलेला गोंद वापरणाऱ्या सुमारे २८,५०० कामगारांत २६ जणांना रक्ताचा कर्करोग झाला होता. पुढे बेन्झीनचा वापर बंद झाल्यावर रुग्ण कमी होत गेले. उपाय कामगाराच्या नाकावर फडके बांधण्यात नव्हता. डब्यातले द्रव्य बदलण्यात होता.

महाराष्ट्रात सामाजिक न्याय विभाग गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देतो. डोक्यावर छप्पर आले, ही चांगलीच गोष्ट. पण उन्हाळ्यात तापलेल्या त्या चौकोनी खोक्यात उघडी बाटली ठेवून दिवसभर बसणे म्हणजे वाफ कोंडून घेणे. स्टॉलसोबत वारा खेळता राहील अशी जाळी, रसायनाला टिकणारे हातमोजे आणि अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण द्यायला मोठा निधी लागणार नाही. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ याच समाजासाठी आहे. हे काम त्याच्याच वाट्याचे आहे.

दुसरी गोष्ट लेबलची. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव, निव्वळ प्रमाण, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. बुटाच्या रंगात कोणती रसायने आहेत हे लिहिण्याची सक्ती त्यात नाही. सुट्या बाटलीवर तर तेवढेही नसते. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती हे छापले जाते, आणि दिवसभर त्वचेला चिकटून राहणाऱ्या रंगाचे नावगाव मात्र कळत नाही. ‘पूर्ण वाळल्याशिवाय घालू नये’ ही मराठीतली एक ओळ आणि द्रावकाचे नाव, एवढे सक्तीचे करायला हरकत कोणाची असावी?

तिसरी गोष्ट गणवेश ठरवणाऱ्यांची. सोमवारच्या तपासणीत बूट चमकला पाहिजे हा दंडक रास्त आहे. पण नवा जोड मिळायला उशीर होत असेल, तर रविवारी रात्री रंग लावण्याची पाळी त्या दंडकानेच येते. शिरूर असो वा दौंड, दोन दिवसांची सवलत कोणत्याही शिस्तीला परवडण्यासारखी आहे.

तोवर घरात एवढे पाळता येईल. रंगवलेला बूट शुक्रवारी रात्री गच्चीत ठेवावा आणि सोमवारी सकाळी घालावा. मधले दोन दिवस चप्पल चालते.