अडगळ की ठेवा?

व्यवसाय माणसाला जगवतो. छंद त्याला जगण्याकडे पाहायला शिकवतो. मात्र कोणताही छंद एकट्याचा नसतो. त्यासाठी घरातल्या माणसांनाही आपली जागा, आपला पैसा आणि आपला वेळ यांतला वाटा आनंदाने सोडावा लागतो. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे याचे बोलके उदाहरण होय.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांचा व्यवसाय चष्म्यांचा, वृत्ती मात्र कवीची. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते काव्यलेखन करीत. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा नाद लागला. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ लाभली. अकाली गेलेल्या ‘राजा’ या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि आयुष्यभराची ही पुंजी अखेर शासनाच्या, म्हणजेच समाजाच्या स्वाधीन केली. त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. मातापित्यांचे खासगी दुःख असे सार्वजनिक ठेव्यात रूपांतरित झाल्याची उदाहरणे विरळाच.

या संग्रहाचे मर्म कशात आहे? तेथे केवळ राजेरजवाड्यांचे वैभव नाही. अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, फण्या, पाय घासण्याच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी अशा हजारो वस्तू तेथे आहेत. सुपारी कातरण्याच्या साध्या साधनालाही अनाम कारागिराने मोराचा डौल द्यावा, यात एका समाजाची सौंदर्यदृष्टी दिसते. इतिहास लढायांत आणि तहनाम्यांत असतो, तसाच तो चुलीपाशीही असतो, हे केळकरांनी ओळखले.

आज पुण्या-मुंबईत जुने वाडे आणि इमारती पाडून पुनर्विकास होत आहे. घर रिकामे करण्याची तारीख ठरते आणि पाटा-वरवंटा, ताक घुसळण्याची रवी, शेवयांचा साचा, पितळेचे डबे वजनावर भंगारात जातात. यात कुणाला दोष देणे योग्य नव्हे. दोन खोल्यांच्या सदनिकेत सगळे मावणार कसे? नोकरीनिमित्त परगावी गेलेल्या मुलांनी तरी ते कुठे ठेवायचे? प्रश्न जागेचा आहेच. पण त्याहून अधिक तो आठवणीचा आहे. डब्यावर कोरलेले पणजीचे नाव वाचणारे कुणी उरले नाही, की तो डबा निव्वळ धातू होतो.

प्रत्येक घराचे संग्रहालय होऊ शकत नाही, होऊही नये. परंतु एखादी तरी वस्तू राखता येईल. उरलेल्यांची छायाचित्रे काढता येतील. ती कुणाची, कुठून आली, कशासाठी वापरीत, हे आजी-आजोबांना विचारून एका वहीत लिहून ठेवता येईल. हे काम नातवंडांकडे सोपवावे. सुटीत त्यांना छंदवर्गाला पाठवण्यासाठी धडपडणाऱ्या पालकांना याहून सोपा आणि बिनखर्चाचा छंद सापडणार नाही. शिवाय त्या निमित्ताने दोन पिढ्या समोरासमोर बसून बोलतील, हा लाभ वेगळाच.

वस्तू आज ना उद्या झिजतीलच. मात्र त्यांची नावे आणि त्या हाताळणाऱ्या हातांची ओळख सांगणारी माणसे आज घरात आहेत, तोवरच ती वही उघडायला हवी.